वसतिगृह, स्वयंपाकघर आणि शिक्षण : करवीर ते सातारा (१८९६ ते १९४७)

प्रस्तावना

मराठी चरित्रवाङ्मयात यशस्वी व्यक्तीची एक ठरावीक प्रतिमा आढळते. घरचे दारिद्र्य, रस्त्यावरील दिव्याखाली केलेला अभ्यास, परीक्षेतील यश आणि अखेर मानाचे पद अशा क्रमाने तिचे आयुष्य उलगडत जाते. या उत्कर्षाचे श्रेय जिद्द, बुद्धिमत्ता व कष्ट यांना दिले जाते आणि ते अयोग्य आहे असे म्हणता येत नाही. परंतु शिक्षणासाठी गाव सोडलेला मुलगा शहरात जेवत कोठे होता व राहत कोठे होता, हा प्रश्न चरित्रकार बहुधा एका वाक्यात उरकतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोणाची जिद्द फळाला आली आणि कोणाची वाया गेली, हे बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते. प्रस्तुत लेखात कोल्हापूर व सातारा येथील वसतिगृहांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

वार, माधुकरी आणि वसतिगृह

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी माध्यमिक शिक्षण शहरांपुरतेच मर्यादित होते. खेड्यातील गरीब ब्राह्मण विद्यार्थी शहरात येई, तेव्हा त्याच्यासाठी एक जुनी व्यवस्था तयार असे. आठवड्याचे सात वार सात घरी लावून घ्यावयाचे किंवा माधुकरी मागावयाची, आणि एखाद्या ओळखीच्या वाड्यात पथारी टाकावयाची. या व्यवस्थेत अपमान होता, उपासमारही होती. तरीही ती व्यवस्था होती, हे विसरता येत नाही. कुणबी, मराठा, जैन वा मुसलमान शेतकऱ्याच्या मुलाला असे वार लावण्याची सोय नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलाला तर शहरात उंबरठाच नव्हता. फी माफ झाली, तरी हा मुलगा शाळेपर्यंत पोहोचत नसे.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानातील सामान्य प्रशासनाच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढण्यात आले. पण अल्पावधीतच ते व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांचे झाले. दार सर्वांना खुले असले, तरी पंक्तीचे नियम जुनेच राहिले होते. या अनुभवातून महाराजांनी जातवार वसतिगृहांचा मार्ग स्वीकारला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. पुढील काही वर्षांत मुसलमान, लिंगायत, सारस्वत इत्यादी समाजांची वसतिगृहे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले.

२६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानातील रिक्त जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. या आदेशाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मात्र त्या जागांवर नेमण्यास शिकलेले उमेदवार कोठून येणार होते? आदेश आणि वसतिगृहे यांचा एकत्र विचार केल्याशिवाय १९१२ मधील चित्राचा अर्थ लागत नाही. त्या वर्षी ९५ अधिकाऱ्यांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ होते. अवघ्या १८ वर्षांत बहुजन समाजाची बुद्धिमत्ता वाढली, असे कोणी म्हणणार नाही.

रचनेची भिंत

जी रचना माणसाला वर आणते, तीच त्याच्या वाढीला आकार व मर्यादाही देते. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविलेला प्रसंग सुपरिचित आहे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. वसतिगृहाची सूत्रे त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे ब्राह्मणेतर चळवळीचे नेते आणि पुढे शाहू महाराजांचे चरित्र लिहिणारे विद्वान. त्यांना प्रतिगामी ठरवून हा प्रसंग निकालात काढणे सोपे आहे, पण त्यातून काही हाती लागत नाही. एका जातीच्या देणग्यांवर चालणारे वसतिगृह त्या जातीच्या शुद्धीचे नियम पाळणारच. तेथील अधीक्षकाची व्यक्तिगत मते कितीही उदार असोत.

छप्पर नसेल तर सर्वोच्च विद्वत्ताही कशी हतबल होते, याचा पुरावा त्याच काळातील बडोद्यात मिळतो. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. कराराप्रमाणे नोकरी करण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्यास आले, तेव्हा शहरात त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. ओळख उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू व ख्रिस्ती मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. गाडीच्या वेळेपर्यंत एका सार्वजनिक बागेत बसून त्यांनी बडोदे सोडले. शिष्यवृत्तीने न्यूयॉर्कपर्यंतचा मार्ग खुला केला होता, बडोद्यातील एक खोली मात्र ती देऊ शकली नाही. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच १९२५ च्या आरंभी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. कार्याचा हा क्रम अर्थपूर्ण आहे.

साताऱ्यातील एकत्र पंगत

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. नाव शाहू महाराजांचे असले, तरी रचना कोल्हापूरपेक्षा वेगळी होती. येथे मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सर्व जातींची मुले एका स्वयंपाकघरात रांधलेले अन्न एका पंगतीत जेवत. जातीच्या देणग्यांच्या जागी मुलांचे श्रम व रयतेने दिलेले धान्य आले. वसतिगृहातील मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा 'कमवा व शिका' या तत्त्वाला उच्च शिक्षणातही स्थान मिळाले.

अर्थात या व्यवस्थेची किंमतही विद्यार्थ्यानेच मोजली. सधन घरातील मुलगा पुस्तकाला देत असलेला वेळ येथील मुलगा अंशतः कुदळीला देत होता, आणि परीक्षेच्या गुणपत्रिकेत त्या तासांची नोंद होत नसे. श्रमाचे गौरवीकरण करताना ही विषमता नजरेआड होते.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. कोल्हापूर व सातारा येथील ही आरंभीची वसतिगृहे मुलांसाठी होती. मुलांच्या जेवणाची अडचण पडली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले, हे आदराने सांगितले जाते. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या स्वयंपाकघराने खेड्यापाड्यांतील मुलांना वकील, शिक्षक व अधिकारी होण्याची संधी दिली, ते स्त्रीच्या दागिन्यांवर चालले होते. त्या मुलांच्या बहिणी मात्र त्या वेळी गावीच राहिल्या होत्या.