तेलाच्या डब्यावरील इतिहास

मोटारीच्या इंजिनात घालायच्या तेलाचा डबा हातात घेतला, तर त्यावर दोन प्रकारच्या खुणा आढळतात. एक खूण '२०डब्ल्यू-५०' किंवा '५डब्ल्यू-३०' अशी, आकड्यांची. दुसरी 'एसएल', 'एसएन', 'एसपी' अशी, अक्षरांची. पेट्रोलपंपावर किंवा गॅरेजमध्ये आपण या खुणा क्वचितच वाचतो. 'नवे आणि महाग ते चांगले' एवढा नियम आपल्याला पुरतो. मात्र समजा, गाडी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची आहे आणि तीही साधी नव्हे, वेगासाठी बांधलेली. मग हा नियम चक्क खोटा ठरू शकतो. अगदी अलीकडच्या मानकाचे तेल घालून असे इंजिन झिजू शकते. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी आपल्याला सुमारे १४० वर्षे मागे जावे लागेल.

बाहेर पडणारे बूच

बैलगाडीच्या आसाला वंगण का घालतात, असे विचारले तर कोणीही सांगेल, 'घर्षण कमी व्हावे म्हणून.' पण वंगणाने घर्षण कमी का होते, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कोणालाच नीट देता येत नव्हते. इंग्लंडमधील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने बीचम टॉवर या अभियंत्याकडे रेल्वेच्या आसांवरील घर्षणाचे प्रयोग सोपवले. त्याचा पहिला अहवाल १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला.

टॉवरने फिरणाऱ्या आसाचा खालचा भाग तेलात बुडवून ठेवला होता आणि आसावर वरून बेअरिंगचा भार दिला होता. तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तर झाले उलटेच. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल वर येऊन सांडू लागले. टॉवरने भोकात बूच बसवले, तर तेही बाहेर ढकलले गेले. अखेर तेथे दाबमापक जोडल्यावर दर चौरस इंचाला २०० पौंडांहून अधिक दाब दिसला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र दर चौरस इंचाला फक्त १०० पौंडांच्या आसपास होता.

याचा अर्थ, फिरणारा आस स्वतःच तेलाला ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबत होता. तेथे तेलावर एवढा दाब येत होता की धातूवर धातू न टेकता सगळा भार तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहत होता. ऑसबर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचे गणित मांडले. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही प्रत्येक इंजिनाच्या आराखड्यात वापरला जातो. तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, आणि पृष्ठभागांचा वेग जितका अधिक, तितका तेलाचा थर जाड. भार जितका अधिक, तितका तो पातळ.

आकडे कोठून आले?

रेनल्ड्स यांच्या सिद्धांतानुसार श्यानतेला एवढे महत्त्व असेल, तर तेल विकत घेताना ती ठाऊक असायलाच हवी. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे 'एसएई'ने, १९११ मध्ये तेलांची पहिली वर्गवारी केली. डब्यावरचे आकडे या वर्गवारीतूनच पुढे आले. ते म्हणजे प्रत्यक्ष श्यानता नव्हे, ते केवळ वर्गाचे क्रमांक आहेत. उदाहरणार्थ, १०० अंश सेल्सिअसला ३० क्रमांकाच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, तर ५० क्रमांकाच्या तेलाची १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक. तुलनेसाठी, नेहमीच्या तापमानाला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक असते.

अडचण अशी की तापमान वाढले की तेल पातळ होते. थंडीत सकाळी गाडी सुरू करताना जे तेल काकवीसारखे दाट असते, तेच तासाभराने पाण्यासारखे पातळ झालेले असते. सगळी तेले सारख्याच प्रमाणात पातळ होत नाहीत. पेनसिल्व्हेनियातील खनिज तेले या बाबतीत उत्तम, तर मेक्सिकोच्या आखाताकाठची वाईट. १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी पहिल्यांना १०० व दुसऱ्यांना ० गुण देऊन 'श्यानता निर्देशांक' ठरवला.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी तेलात बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर, मिसळण्याची युक्ती काढली. अशा बहुवारिकांचे लांबलचक रेणू थंड तेलात वेटोळे करून बसतात आणि तेल तापले की पसरतात. त्यामुळे तेल पातळ होण्याला काहीसा आळा बसतो. यातून १९५० च्या दशकात बहुश्रेणी तेले बाजारात आली. '२०डब्ल्यू-५०' म्हणजे थंडीत २०डब्ल्यू वर्गासारखे आणि १०० अंशांना ५० वर्गासारखे वागणारे तेल. यातील 'डब्ल्यू' हे हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. पण दातेरी चक्रांच्या कात्रीत सापडले की बहुवारिकांचे हे लांब रेणू तुटतात. १९५९ मध्ये आलेल्या ब्रिटिश 'मिनी' मोटारीत गिअरबॉक्सलाही इंजिनचेच तेल होते. तेथे हा प्रश्न फार तीव्र झाला आणि अधिक टिकाऊ २०डब्ल्यू-५० तेलांचा प्रसार त्यानंतरच्या दशकात झाला.

एरंडेलाची कामगिरी

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की योग्य श्यानता निवडली म्हणजे काम झाले. तसे नाही. रेनल्ड्स यांचे गणित लागू पडण्यासाठी पृष्ठभाग एकमेकांवरून वेगाने व सलग सरकायला हवेत. इंजिन सुरू होतानाचा क्षण घ्या, किंवा झडपा उघडणाऱ्या कॅमचे टोक घ्या. तेथे वेग अपुरा आणि भार प्रचंड असतो, थर जवळजवळ नाहीसा होतो आणि धातूची सूक्ष्म टोके एकमेकांना भिडतात. अशा वेळी तेलाची जाडी नव्हे, तर त्याचे धातूशी असलेले रासायनिक नाते कामी येते. इंग्लंडमध्ये विल्यम हार्डी यांनी १९२० च्या दशकात या 'सीमावंगणा'चा पद्धतशीर अभ्यास केला.

मोटार आणि विमानांच्या आरंभकाळातील यंत्रज्ञांना हे अनुभवाने ठाऊक होते. आपल्या घरोघरी पोट साफ करण्यासाठी दिले जाणारे एरंडेल हे त्यांचे आवडते वंगण होते. एरंडेलाच्या रेणूतील ऑक्सिजनयुक्त गट धातूला घट्ट चिकटतात, शिवाय ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांत म्हणूनच एरंडेल वापरत. लंडनच्या चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' असे नाव दिले, तेही एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच. मात्र तापल्यावर एरंडेलाचा चिकट राळेसारखा थर बसतो. त्यामुळे ते शर्यतींपुरते ठीक, पण रोजच्या गाडीला गैरसोयीचे ठरले.

खनिज तेलात एरंडेलासारखा गुण आणणारे द्रव्य काहीसे योगायोगानेच मिळाले. झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट या लांब नावाचे, झेडडीडीपी या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे संयुग १९४० च्या दशकात तेलात घालू लागले. त्या वेळी हेतू होता तेलाचे ऑक्सिडीकरण आणि तांबे-शिशाच्या बेअरिंगचे क्षरण टाळण्याचा. नंतर लक्षात आले की ते कॅमची झीजही थांबवते. घासणाऱ्या पोलादावर ते जस्त व लोहाच्या फॉस्फेटांचा काचेसारखा थर तयार करते. त्याची जाडी असते मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी. हा थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. जेथे दाब जास्त, तेथेच तो का वाढतो, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रॉबर्ट कार्पिक यांच्या गटाने अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहून २०१५ मध्ये दाखवले. म्हणजे द्रव्य वापरात आल्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी!

कोव्हेंट्रीचे इंजिन

आता एक खरेखुरे उदाहरण घेऊ. १९४८ च्या लंडन मोटार प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने 'एक्सके १२०' ही गाडी मांडली. तिच्या इंजिनाची कल्पना विल्यम हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धकाळात, कोव्हेंट्रीच्या कारखान्यात रात्रीची आगीची राखण करताना रंगवली होती. सहा सिलिंडर, ३,४४२ घन सेंटिमीटर, सात मुख्य बेअरिंगे आणि माथ्यावर दोन कॅमदंड. गाडीच्या नावातील १२० म्हणजे ताशी १२० मैल. १९४९ मध्ये बेल्जियममधील याबेके येथे ती ताशी १३२ मैलांहून अधिक वेगाने धावली. याच घराण्यातील इंजिनांनी १९५१ ते १९५७ या काळात ल माँची २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकली आणि १९६१ मध्ये ती 'ई-टाइप'मध्ये बसली. या इंजिनाचे उत्पादन १९९२ पर्यंत चालू होते.

या इंजिनातील प्रत्येक कॅम उपड्या वाटीसारख्या टॅपेटवर थेट घासत फिरतो. मध्ये रूळ नाही. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असताना कॅमदंड २,५०० फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक कॅमचे टोक सेकंदाला सुमारे ४२ वेळा टॅपेटवरून घासत जाते. सात मुख्य बेअरिंगांना रेनल्ड्स यांचा जाड थर हवा, तर बारा कॅमना फॉस्फेटचा थर. एकाच तेलाकडून या दोन वेगवेगळ्या अपेक्षा आहेत. पहिलीचे उत्तर डब्यावरच्या आकड्यांत सापडते, दुसरीचे अक्षरांत शोधावे लागते.

हवेचे भले, कॅमचे नुकसान

अक्षरांची पद्धत अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची. 'एस' नंतरचे अक्षर जितके पुढचे, तितके मानक नवे. नवे मानक जुन्याची जागा घेऊ शकते, असा या पद्धतीचा दावा असतो. बहुतेक बाबतींत तो खराही आहे. ऑक्सिडीकरण, गाळ, इंजिनाची स्वच्छता या बाबतींत आजची तेले १९५० च्या तेलांपेक्षा कितीतरी सरस आहेत.

पण मधल्या काळात वेगळीच एक गोष्ट घडली. शहरांची हवा दूषित होत चालल्याने अमेरिकेत १९७० मध्ये कडक कायदा झाला आणि १९७५ पासूनच्या नव्या मोटारींच्या धुराच्या नळीत उत्प्रेरक बसवला जाऊ लागला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींसाठी तो सक्तीचा झाला. उत्प्रेरकाला पेट्रोलमधील शिसे चालत नाही, हे सर्वश्रुत आहे. फॉस्फरसही त्याला चालत नाही. प्रत्येक इंजिनात थोडेसे तेल जळतेच आणि त्यातील झेडडीडीपीचा फॉस्फरस उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसून त्याला हळूहळू निकामी करतो. म्हणून मोटार उत्पादकांच्या मानकांत फॉस्फरसची कमाल मर्यादा उतरत गेली: १९९० च्या दशकाच्या आरंभी ०.१२ टक्के, १९९६ मध्ये ०.१० टक्के आणि २००४ मध्ये ०.०८ टक्के. नव्या इंजिनांना याचा त्रास झाला नाही, कारण त्यांतील अनेकांत कॅमखाली रूळ आले होते आणि झडपांची रचना बदलली होती. जुन्या, घासत्या टॅपेटच्या इंजिनांचे मालक मात्र कॅम झिजल्याच्या तक्रारी करू लागले. सगळाच दोष तेलाचा नव्हता. काही ठिकाणी नव्याने बसवलेले कॅम निकृष्ट होते, तर काही ठिकाणी स्प्रिंगा फार ताठ होत्या. पण अशा इंजिनांच्या संरक्षणाची एक तटबंदी खाली आली होती, हे खरे.

येथे कोणी खलनायक नाही. लाखो मोटारींच्या शहरात मुलांच्या फुप्फुसांत जाणारी हवा अधिक मोलाची, यात शंका नाही. मानक ठरवणाऱ्यांनी आपल्या काळाच्या इंजिनांचा विचार केला, एवढेच.

मग निवड कशी करावी?

जुन्या वेगवान मोटारीसाठी तेल निवडताना आपण तीन प्रश्न विचारावेत. पहिला, इंजिन बांधणाऱ्याने पुस्तिकेत कोणती श्यानता सांगितली आहे? बेअरिंगमधील फटी आणि तेलाचा पंप त्याच हिशेबाने आखलेले असतात. आजच्या गाड्यांचे ०डब्ल्यू-२० तेल तेथे फार पातळ पडेल. एक्सके इंजिनांना अनेक जण २०डब्ल्यू-५० वापरतात ते म्हणूनच. दुसरा, कॅम घासतो की रुळावर चालतो? घासत असेल तर ०.१० ते ०.१२ टक्के फॉस्फरस असलेले तेल पाहावे. वर सांगितलेली मर्यादा मुख्यतः पातळ श्रेणींना लागू आहे. त्यामुळे एकच अक्षरे असलेल्या ५डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-५० तेलांत फॉस्फरस वेगवेगळा असू शकतो. कंपनीचे माहितीपत्रक मागवून पाहणे उत्तम. तिसरा प्रश्न, गाडीला उत्प्रेरक आहे का? असेल तर हेच तेल तिला अपायकारक ठरेल. आणि जास्त झेडडीडीपी म्हणजे जास्त चांगले, असे समजून वरून बाटल्या ओतू नयेत. तेलातील स्वच्छताकारक द्रव्येही त्याच पोलादावर जागा मिळवण्यासाठी स्पर्धा करीत असतात. कारखान्यात साधलेला हा तोल घरी बिघडतो.

वर्गात करण्यासारखा एक सोपा प्रयोग सुचवून थांबतो. एकाच मापाच्या दोन परीक्षानळ्यांत एकश्रेणी आणि बहुश्रेणी तेल समान उंचीपर्यंत घ्या. दोन्हींत एकेक छर्रा सोडून तो तळाशी जायला किती वेळ लागतो ते मोजा. मग नळ्या बर्फात ठेवून, आणि नंतर कोमट पाण्यात ठेवून तेच पुन्हा करा. आलेखावर दोन्ही रेषा काढल्या की १९२९ चा श्यानता निर्देशांक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहील. नंतर त्यांना विचारा की कॅमच्या टोकाशी काय होईल, हे या छर्ऱ्यावरून सांगता येईल का? 'नाही' असे उत्तर जो विद्यार्थी कारणासह देईल, त्याला डब्यावर अक्षरे का असतात हे समजले, असे खुशाल समजावे.