चित्रपटदर्शनाची बदलती साधने : नांदेड-लातूर परिसर

चित्रपटदर्शनाची बदलती साधने : चित्रपट ज्या माध्यमावर अंकित होऊन प्रेक्षकापर्यंत पोहोचतो ते माध्यम, आणि त्यानुसार घडत गेलेल्या चित्रपट पाहण्याच्या रीती. सेल्युलॉइडची चित्रपट्टी, चुंबकीय फीत, प्रकाशीय तबकडी आणि आंतरजालावरील अंकीय प्रवाह हे या इतिहासाचे चार मुख्य टप्पे होत. मराठवाड्यातील नांदेड व लातूर हे जिल्हे चित्रपटनिर्मितीच्या केंद्रांपासून दूर असल्याने माध्यमातील प्रत्येक बदलाचा परिणाम येथील प्रेक्षकाला विशेष जाणवला. प्रत्येक नव्या साधनाने चित्रपट त्याच्या अधिक जवळ आणला. परंतु ते साधन बहुधा आधीच्यापेक्षा अल्पायुषी ठरले. सुलभता व टिकाऊपणा यांच्यातील हा विरोध या विषयाच्या मुळाशी आहे.

चित्रपट्टीचा काळ : ल्यूम्येअर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. त्यानंतर सु. शंभर वर्षे ३५ मि.मी. रुंदीची चित्रपट्टी हेच चित्रपटाचे प्रमाणभूत रूप राहिले. बोलपटाच्या काळात ही पट्टी सेकंदाला २४ चौकटी या वेगाने प्रक्षेपकातून जाते, म्हणजे एका मिनिटाला ९० फूट लागते. अडीच तासांच्या चित्रपटाची लांबी त्यामुळे १३,५०० फूट, म्हणजे चार किमी.हून अधिक होते. २,००० फुटांचे एक रीळ सु. २२ मिनिटे चालते. अशी सहा-सात रिळे पत्र्याच्या डब्यांत भरून एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावी लागत. प्रत तयार करण्याचा खर्च मोठा असल्याने प्रतींची संख्या मर्यादित असे. त्या आधी महानगरांत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी व अखेरीस तालुक्याच्या गावी जात. त्या तेथे पोहोचेपर्यंत पट्टीवर ओरखडे उमटलेले असत आणि तुटलेल्या जागा जोडताना काही चौकटी गळालेल्या असत. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या उभ्या रेघा व मध्येच उडी मारणारा संवाद हा आडगावच्या प्रेक्षकाच्या परिचयाचा अनुभव होता.

नांदेड व लातूर यांच्या बाबतीत या वाटचालीला राजकीय इतिहासाचे वळण होते. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. लातूर जिल्हा १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. चित्रपट-व्यवसायाचा नकाशा मात्र बदलला नाही. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे विभाग पडले, त्यांपैकी ‘निजाम’ या विभागात तेलंगणाबरोबर मराठवाडा व कर्नाटकातील जुने संस्थानी जिल्हे यांचाही समावेश राहिला. संस्थान विलीन झाल्यावरही त्याच्या सीमा वितरकांच्या वहीत अनेक दशके जिवंत होत्या. भौगोलिकदृष्ट्याही हे सोयीचे होते. कारण नांदेडपासून हैदराबादचे अंतर मुंबईच्या निम्म्याहून कमी आहे. लातूर दीर्घकाळ बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंदमापी मार्गावर होते. त्या मार्गाचे पुढे रुंदमापीत रूपांतर झाले.

फिरती चित्रपटगृहे : कायम चित्रपटगृह नसलेल्या गावांना चित्रपट दाखविण्याचे काम तंबूतील फिरत्या चित्रपटगृहांनी, म्हणजे ‘टुरिंग टॉकीज’नी केले. सुगीनंतरच्या यात्रा-जत्रा हा त्यांचा मुख्य हंगाम. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव (ता. लोहा) येथील मार्गशीर्षातील खंडोबाची यात्रा व लातूर येथील महाशिवरात्रीची सिद्धेश्वराची यात्रा यांसारखे मेळे हे जनावरांच्या व मालाच्या बाजाराइतकेच करमणुकीचेही बाजार होत. महाराष्ट्रातील अशा मेळ्यांत तमाशाच्या फडांशेजारी चित्रपटाचे तंबू पडत. प्रक्षेपक मालमोटारीतच बसविलेला असे. प्रेक्षक जमिनीवर बसत व वीज नसल्यास जनित्रावर खेळ चाले. दादा कोंडके यांचे ‘सोंगाड्या’ (१९७१) व ‘पांडू हवालदार’ (१९७५) यांसारखे चित्रपट आणि पौराणिक व संतपट यांना तंबूत विशेष मागणी असे. शिर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या अनुबोधपटात महाराष्ट्रातील या व्यवसायाच्या अखेरच्या पर्वाचे चित्रण आहे.

घरगुती व लहान समूहाच्या वापरासाठी पाथे कंपनीने ९·५ मि.मी. (१९२२), ईस्टमन कोडॅक कंपनीने १६ मि.मी. (१९२३) व ८ मि.मी. (१९३२) या अरुंद पट्ट्या प्रचारात आणल्या. भारतात घरी प्रक्षेपक बाळगणे ही संस्थानिक व धनिक यांचीच चैन राहिली. १६ मि.मी.ची पट्टी मात्र वेगळ्या वाटेने जनसामान्यांत पोहोचली. शासकीय प्रसिद्धी विभागाच्या गाड्या, शाळा, चित्रपट मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे यांनी तिचा उपयोग केला. चौकात दोन खांबांना बांधलेले पांढरे कापड व त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेले प्रेक्षक हे दृश्य महाराष्ट्रभर दिसे. घराबाहेर, पण घराच्या दाराशी चित्रपट आणणारे हे पहिले साधन होय.

दूरचित्रवाणी व चुंबकीय फीत : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शनिवारचा मराठी व रविवारचा हिंदी चित्रपट हे त्याचे लोकप्रिय कार्यक्रम. परंतु त्याच्या प्रक्षेपणाची कक्षा मराठवाड्यापर्यंत नव्हती. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह सोडण्यात आला आणि पुढील काही वर्षांत देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभारली गेली. जिल्ह्याच्या गावी दूरचित्रवाणी पोहोचली ती अशी. मात्र ही केंद्रे मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम सहप्रक्षेपित करीत. परिणामी मराठवाड्यातील घरात आठवड्याचा हिंदी चित्रपट आधी आला. मराठी चित्रपटाची नियमित सोय मागाहून झाली.

ही उणीव चुंबकीय फितीने काही अंशी भरून काढली. सोनी कंपनीची बीटामॅक्स (१९७५) व जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस (१९७६) या दोन जपानी पद्धतींच्या स्पर्धेत अखेर व्हीएचएस टिकली. भारतात व्हीसीआर यंत्रे १९८० नंतर पसरली. मुंबईतील शेमारू या संस्थेने १९७९ मध्ये चित्रफिती भाड्याने देण्यास प्रारंभ केला. थोड्याच वर्षांत लहान शहरांतही अशी ग्रंथालयवजा दुकाने निघाली. यंत्र महाग असल्याने ते विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणण्याची रीत पडली. लग्नघरी, बारशाला किंवा सुटीच्या आदल्या रात्री यंत्र, संच व तीन-चार फिती आणून पहाटेपर्यंत चित्रपट पाहिले जात आणि शेजारीपाजारी त्यात सहभागी होत. हे दर्शन घरातले असले, तरी खाजगी नव्हते. याच काळात व्हिडिओ केंद्रे निघाली, तसेच मराठवाड्यातून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या खाजगी ‘व्हिडिओ कोच’ गाड्यांतून रात्रीच्या प्रवासाबरोबर चित्रपटही मिळू लागला.

नव्या साधनाबरोबर स्वामित्वहक्काचा प्रश्न तीव्र झाला. नुकत्याच प्रदर्शित झालेल्या चित्रपटांच्या चोरट्या फिती गावोगाव फिरू लागल्याने चित्रपटगृहांचे उत्पन्न घटले. १९८४ च्या स्वामित्वहक्क (सुधारणा) अधिनियमाने व्हिडिओ चित्रपटाचा अंतर्भाव चित्रपटाच्या व्याख्येत केला. मात्र ज्या गावी नवा चित्रपट वर्षभराने, तोही झिजलेल्या प्रतीच्या रूपात येई, तेथे चोरटी फीत ही अनेकांना केवळ स्वस्ताई नव्हे, तर वेळेवर चित्रपट पाहण्याची एकमेव संधी वाटत असे. निर्मात्याचे नुकसान व दूरच्या प्रेक्षकाची निकड या दोन्ही गोष्टी लक्षात घेतल्याशिवाय या काळाचा योग्य अर्थ लागत नाही. व्हिडिओ केंद्रातून निर्मितीचीही प्रेरणा मिळू शके. नासिक जिल्ह्यातील मालेगाव येथे असे केंद्र चालविणारे शेख नासिर यांनी व्हिडिओवरच ‘मालेगाव के शोले’ (२०००) हा विडंबनपट तयार केला व तेथे स्थानिक चित्रपटांची परंपराच सुरू झाली.

प्रतिमेच्या दर्जाची झीज हा चित्रपटरसिकांच्या दृष्टीने या साधनाचा मोठा दोष. ‘कागज के फूल’ (१९५९) पासून भारतात रूढ झालेल्या सिनेमास्कोप चौकटीचे रुंदी-उंचीचे प्रमाण २·३५ : १, तर जुन्या दूरचित्रवाणी संचाचे ४ : ३. संचाचा पडदा पूर्ण भरावयाचा तर चित्राच्या रुंदीचा सु. दोन-पंचमांश भाग कापावा लागे. ‘शोले’ (१९७५) हा ७० मि.मी.च्या भव्य पडद्यासाठी योजलेला चित्रपट असंख्य लोकांनी अशाच कापलेल्या चौकटीत पाहिला. दूरचित्रवाणीचा वेग सेकंदाला २५ चौकटी असल्याने अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे आणि आवाजाची पट्टीही किंचित चढे. प्रतीवरून प्रत काढताना रंग फिके पडत. पावसाळ्यात फितीला बुरशी लागे.

तबकडी व केबल : १९९३ मध्ये आलेली व्हीसीडी ही तबकडी भारतात १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लोकप्रिय झाली. एका तबकडीवर सु. ७४ मिनिटांचे चित्रण मावत असल्याने एका चित्रपटास दोन वा तीन तबकड्या लागत. तिची प्रतिमा ३५२ × २८८ बिंदूंची. डीव्हीडीची (१९९६) ७२० × ५७६, म्हणजे सु. चौपट, आणि ब्ल्यू-रे तबकडीची (२००६) १९२० × १०८० बिंदूंची असते. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास सुरुवात केली, तेव्हा चित्रपटाची अधिकृत प्रत प्रथमच सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. कपाटात पुस्तकांशेजारी चित्रपट ठेवता येऊ लागले. हे पर्व जेमतेम दहा वर्षांचे ठरले.

केबलचे जाळे १९९१ नंतर शहरांत व मोठ्या गावांत पसरले. स्थानिक केबलचालक स्वतःच्या यंत्रावरून चित्रपट दाखवीत. १९९५ च्या अधिनियमाने या व्यवसायास कायद्याची चौकट मिळाली. ‘अल्फा मराठी’ (१९९९, पुढे ‘झी मराठी’) व केवळ मराठी चित्रपटांसाठी निघालेली ‘झी टॉकीज’ (२००७) या वाहिन्यांमुळे मराठी चित्रपट घरोघरी नियमित दिसू लागला. देगलूर, बिलोली, धर्माबाद यांसारख्या सीमेलगतच्या तालुक्यांतील तेलुगू भाषकांना उपग्रहवाहिन्यांमुळे आपल्या भाषेतील चित्रपट घरबसल्या मिळाले. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) सारखा चित्रपट ज्या पिढीने चित्रपटगृहात पाहिलाच नाही, तिलाही त्याचे संवाद पाठ असतात, हे या पुनःपुनः होणाऱ्या प्रक्षेपणाचे फलित होय.

अंकीय प्रवाह : २००५ पासून चित्रपटगृहांना उपग्रहाद्वारे अंकीय प्रत पाठविण्याची पद्धत भारतात सुरू झाली आणि पुढील दशकात सेल्युलॉइडच्या प्रती जवळजवळ बंद झाल्या. त्यामुळे लहान गावातही पहिल्याच दिवशी चित्रपट लागणे शक्य झाले. प्रतींच्या वाटचालीची जुनी उतरंड मोडली. दुसऱ्या बाजूस मोबाईलच्या दुकानांतून मेमरी कार्डावर चित्रपट भरून देण्याचा (बहुधा विनापरवाना) व्यवसाय काही काळ चालला. सप्टेंबर २०१६ नंतर आंतरजाल स्वस्त झाल्यावर तो मागे पडला. मार्च २०२० पासूनच्या करोना साथीत चित्रपटगृहे बंद राहिल्याने आंतरजालावरील चित्रपटमंच हेच प्रथमप्रदर्शनाचे ठिकाण बनले. व्हीसीआर यंत्रांचे जगातील उत्पादन त्याआधीच, २०१६ मध्ये थांबले होते. आता प्रेक्षक चित्रपट विकत घेत नाही, तर वर्गणी देऊन पाहण्याची मुभा मिळवितो. करार संपताच चित्रपट मंचावरून नाहीसा होऊ शकतो.

जतनाचा प्रश्न : साधन बदलताना जुन्या साधनावरील सर्वच चित्रपट नव्यावर येत नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चार रिळांच्या चित्रपटाची पहिली व शेवटची रिळेच उपलब्ध आहेत. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) आज उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्या परिश्रमाने अनेक चित्रपट वाचले. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट पट्टीवरील अनेक जुनी रिळे नष्ट झाली. ‘शोले’चे पुनरुज्जीवन फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०२५ मध्ये सादर केले, तेव्हा त्याची एकही ७० मि.मी. प्रत हाती लागली नव्हती. देशातील सर्वांत गाजलेल्या चित्रपटाची ही स्थिती, तर तंबूतून व जिल्ह्याच्या गावांतून फिरलेल्या साध्या मराठी चित्रपटांची काय असेल याची कल्पना करता येते. त्यांपैकी काहींची केवळ व्हीएचएस वा व्हीसीडी प्रतच मागे उरण्याचा संभव असतो. फितीचे आयुष्य काही दशकांचे असते आणि ती वाचणारी यंत्रे दुर्मिळ होत आहेत.

या दृष्टीने बंद पडलेल्या व्हिडिओ ग्रंथालयांतील फिती, घरोघरच्या तबकड्या आणि फिरत्या चित्रपटगृहांच्या चालकांकडील रिळे, भित्तिपत्रके व वितरणाच्या वह्या ही ऐतिहासिक साधनसामग्री ठरते. योग्य थंड व कोरड्या जागी ठेवलेली सेल्युलॉइडची पट्टी शंभर वर्षांनंतरही उजेडासमोर धरून पाहता येते. अंकीय प्रत मात्र नव्या यंत्रांनुसार वेळोवेळी उतरवून घ्यावी लागते. नांदेड-लातूरच्या प्रेक्षकाला जो चित्रपट पूर्वी वर्षभर वाट पाहून मिळे, तो आज क्षणात मिळतो. तो पुढील पिढीलाही मिळावयाचा, तर जतनाचे काम महानगरांतील संग्रहालयांपुरते न राहता जिल्ह्यांतील ग्रंथालये, महाविद्यालये व विद्यापीठे यांनीही हाती घेणे आवश्यक आहे.