पालकातलं ‘नैसर्गिक स्टेरॉइड’ खरंच स्नायू वाढवतं का?

जिमच्या रील्समध्ये सध्या ‘एक्डिस्टेरोन’ आणि ‘टर्केस्टेरोन’ ही नावं सारखी दिसतात. ‘वनस्पतीपासून बनलेलं, साइड इफेक्ट नाही, तरीही स्टेरॉइडसारखा परिणाम’ असा दावा त्यासोबत असतो. प्रत्यक्षात हे पदार्थ कीटकांच्या एका हार्मोनशी मिळतेजुळते आहेत. माणसाच्या शरीरात ते काय करतात, याचं उत्तर जाहिरातीइतकं सोपं नाही.

कीटकांचं हार्मोन वनस्पतीत?

अळी वाढते, पण तिची कातडी फारशी ताणली जात नाही. त्यामुळे ती ठरावीक टप्प्यांवर कात टाकते. कात टाकण्याचा संकेत देणारं हार्मोन म्हणजे एक्डिसोन. अडॉल्फ बुटेनांट आणि पीटर कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्यासाठी रेशीमकिड्यांचे सुमारे ५०० किलो प्युपा लागले आणि हाती आलं फक्त २५ मिलिग्रॅम.

१९६६ मध्ये जपानचे कोजी नाकानिशी आणि ऑस्ट्रेलियातला एक गट यांना पोडोकार्पस या झाडांत असेच रेणू आढळले. काही नेचे आणि मुळं यांत तर ते कीटकांपेक्षा हजारो पटींनी जास्त असतात. या रेणूंना फायटोएक्डिस्टेरॉइड म्हणतात. आजवर असे तीनशेहून अधिक प्रकार माहीत झाले आहेत. त्यांतला सर्वांत परिचित एक्डिस्टेरोन. तो पालक आणि किनोआमध्ये असतो. गणपतीच्या पत्रीतल्या आघाड्याच्या मुळांतही तो सापडला आहे.

झाडाला याचा उपयोग काय?

मुख्य उपयोग संरक्षणाचा असावा, असं मानलं जातं. पानं किंवा मुळं खाणाऱ्या किडीच्या पोटात हे रेणू गेले, की चुकीच्या वेळी कात टाकण्याचा संकेत मिळतो आणि तिची वाढ बिघडते. पालकाच्या मुळांना किडीने इजा केली, की तिथे एक्डिस्टेरोनचं प्रमाण वाढतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. अर्थात, घाटेअळीसारख्या काही अळ्या हे रेणू पचवून निष्प्रभ करतात.

रेशीम शेतीत हाच गुण कामाला येतो. सगळ्या अळ्या एकाच वेळी पिकत नाहीत. पिकलेल्या अळ्या वेचून चंद्रिकेवर सोडण्यात बराच वेळ आणि मजुरी जाते. अळ्या पिकू लागल्यावर या रेणूंचं द्रावण फवारलेला तुतीचा पाला त्यांना दिला, तर बहुतेक अळ्या जवळपास एकदमच कोष विणायला घेतात.

माणसावर परिणाम का वेगळा?

हार्मोनला काम करण्यासाठी पेशीत ‘रिसेप्टर’ लागतो, म्हणजे किल्लीला कुलूप. एक्डिसोनचं कुलूप माणसात नाही. टेस्टोस्टेरोन ज्या रिसेप्टरला चिकटतं, त्यालाही एक्डिस्टेरोन चिकटत नाही. म्हणूनच ‘स्टेरॉइड’ हा शब्द इथे रेणूच्या रचनेबद्दल आहे, परिणामाबद्दल नाही. स्नायूंवर परिणाम होत असेल, तर तो इस्ट्रोजेनच्या बीटा रिसेप्टरमार्फत किंवा ‘मास’ नावाच्या रिसेप्टरमार्फत होत असावा, असे दोन तर्क मांडले गेले आहेत.

अभ्यास काय सांगतात?

सोव्हिएत काळात सायबेरियातल्या ‘मराल मुळा’वर संशोधन झालं आणि खेळाडूंमध्ये त्याचं नाव झालं. २००६ मध्ये अमेरिकेत व्यायाम करणाऱ्या ४५ पुरुषांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. तिच्यात स्नायू किंवा ताकद यांत फरक आढळला नाही. २०१९ मध्ये जर्मनीतल्या दहा आठवड्यांच्या अभ्यासात मात्र स्नायू आणि ताकद वाढल्याचं दिसलं. पण त्यातल्या कॅप्सूलवर १०० मिलिग्रॅम लिहिलं होतं आणि तपासणीत निघाले फक्त ६ मिलिग्रॅम. मग परिणाम नेमका कशाचा, हा प्रश्न उरतोच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ‘वाडा’ने २०२० पासून एक्डिस्टेरोनला देखरेखीच्या यादीत घेतलं. ही बंदी नाही. खेळाडू त्याचा किती वापर करतात, यावर लक्ष ठेवलं जातं.

औषध म्हणून खरी आशा वयोवृद्धांसाठी आहे. वयानुसार स्नायू झिजतात, त्याला सार्कोपेनिया म्हणतात. त्यावर शुद्ध एक्डिस्टेरोनची सहा महिन्यांची चाचणी झाली. सर्वांत मोठा डोस होता ३५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. चालण्याचा वेग किंचित वाढल्याचा कल दिसला, पण सर्व सहभागींचा एकत्र हिशेब केल्यावर फरक निर्णायक ठरला नाही. एवढा डोस पालकातून मिळवायचा, तर रोज कित्येक किलो पालक खावा लागेल.

आणखी एक उपयोग प्रयोगशाळेत आहे. माणसात हे कुलूप नसल्यामुळे शास्त्रज्ञ ते पेशीत मुद्दाम बसवतात आणि एक्डिसोनसारख्या रेणूने हवं ते जनुक चालू-बंद करतात.

विकत घेण्याआधी

प्राण्यांवरच्या चाचण्यांत एक्डिस्टेरोनची विषारीता फार कमी दिसली आहे. पण शुद्ध रेणू सुरक्षित वाटणं वेगळं आणि डब्यातली पावडर सुरक्षित असणं वेगळं. लेबलवर एक आणि आत दुसरंच, हा या बाजारातला मोठा धोका आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूच्या पावडरीत बंदी असलेल्या पदार्थाची भेसळ निघाली, तर शिक्षा त्यालाच होते. मध्य आशियातल्या एका वनस्पतीतून मिळणाऱ्या टर्केस्टेरोनबद्दल तर माणसांवरचा पुरावा आणखी तोकडा आहे. तोवर पालक भाजी म्हणून खावा. त्यातलं लोह, फोलेट आणि तंतू यांसाठी कुठल्या रीलची गरज नाही.