पाडसाच्या बदल्यात धान्य

भामरागडच्या जंगलात पूर्वी हरणी शिकारीत सापडली, की तिच्या पाडसाचं काय करायचं असा प्रश्न कुणाला पडत नसे. आईमागोमाग तेही चुलीवर जायचं. यात क्रौर्य शोधणं अन्यायाचं होईल. इथले माडिया गोंड आदिवासी शिकार करायचे ती पोटासाठी, आणि भुकेल्या घराला पाडसाचं मांसही सोडून देणं परवडत नव्हतं.

२३ डिसेंबर १९७३ रोजी समाजसेवक बाबा आमटे यांनी याच भागात हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले, तेव्हा धड रस्ता नव्हता, वीज नव्हती. हा भाग आज ज्यात येतो तो गडचिरोली जिल्हाही झाला नव्हता, तो १९८२ साली झाला. त्या सुरुवातीच्या काळात एकदा शिकारीहून परतणारी माणसं प्रकाश आमट्यांना वाटेत भेटली. त्यांच्याकडे मेलेली माकडीण होती आणि तिला बिलगलेलं पिल्लू अजून जिवंत होतं. आमट्यांनी ते मागितलं. पिल्लूही खायचंच होतं, म्हणून त्याच्या बदल्यात धान्य आणि कपडे दिले गेले. त्या पिल्लाचं नाव बबली. हेमलकशाच्या प्राणी अनाथालयाची सुरुवात ही अशी झाली.

पुढे तोच रिवाज पडला. शिकारीत पोरकं झालेलं पिल्लू मारू नका, आमच्याकडे आणा, बदल्यात धान्य घेऊन जा. शिकार पाप आहे असं कुणी सांगत बसलं नाही, भुकेची सोय आधी केली. मग बिबटे आले, अस्वलं आली, चितळांची आणि इतर हरणांची पाडसं आली. संध्याकाळी प्रकाश आमटे नदीकडे फिरायला निघाले, की बिबट्या, अस्वल आणि कुत्रा बरोबर चालत. प्रकल्पातले कार्यकर्ते विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ या पुस्तकाने हे गोकुळ मराठी घराघरांत पोचवलं. पुढे प्रकाश आमट्यांनीही ‘रानमित्र’ लिहिलं.

पाडस वाढवणं दिसतं तितकं गोड काम नाही. हरणीचं दूध गाईच्या दुधापेक्षा बरंच घट्ट असतं, त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं जास्त. त्यामुळे नुसतं गाईचं दूध पाजून भागत नाही, आणि पोट बिघडलं की एवढासा जीव एक-दोन दिवसांत हातचा जातो. आई चाटते तेव्हाच पाडसाला शी-शू होते, म्हणून दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने त्याचं बूड पुसत राहावं लागतं. भूक लागली की ते सडाला ढुशी द्यावी तशी बाटलीला ढुशी देतं. दिवसातून कितीदा तरी, रात्रीसुद्धा, हे सगळं करायचं.

या मायेचा धोका आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. भागवतातला भरत राजा राज्य सोडून वनात जातो. नदीवर पाणी प्यायला आलेली गाभण हरणी सिंहाच्या गर्जनेने उडी घेते आणि मरते. प्रवाहात पडलेलं पाडस भरत उचलतो आणि त्याच्यात इतका गुंततो, की पुढचा जन्म त्याला हरणाचाच मिळतो. कथेत बंधन पडतं ते माणसाला. खऱ्या रानात ते पाडसालाही पडतं. माणसाच्या हातचं दूध प्यायलेलं हरीण माणसाला आणि कुत्र्याला भीत नाही, त्यामुळे जंगलात ते टिकणं अवघड. नर असेल तर वयात आल्यावर तो माणसालाच प्रतिस्पर्धी समजून शिंगं रोखतो. म्हणून असं हरीण सहसा जन्मभर कुंपणातच राहतं.

हेमलकशाचं मोल त्यामुळे वाचलेल्या हरणांच्या संख्येत मोजता येत नाही. ज्या गावांत पाडस म्हणजे जेवण होतं, तिथली माणसं स्वतःहून पिल्लं उचलून प्रकल्पात आणू लागली, हे त्या कामाचं खरं यश. आज महाराष्ट्रभरातून लोक तिथे जातात आणि ही जनावरं पाहतात.

पाहून परतणाऱ्यांनी मात्र घरी हरीण पाळण्याचं मनातही आणू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा बेकायदा पाळलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. शिवाय गवतात एकटं बसलेलं पाडस बहुतेक वेळा पोरकं नसतंच. हरणी त्याला लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. तेव्हा हात न लावता लांब व्हावं, आणि आई खरोखर मेलेली दिसली तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.