काडतूस बसते, म्हणून चालते का? जुन्या लष्करी रायफलींचा धडा

म्हैसूरच्या दसऱ्यात जंबो सवारीच्या दिवशी जुन्या तोफांतून २१ बारांची सलामी दिली जाते. तोफेत गोळा नसतो, फक्त दारू असते. तरीही प्रत्येक बारानंतर पोलीस दलाचे जवान नळी ओल्या बोळ्याने पुसतात. आत ठिणगी राहिली, तर पुढची दारू ठासणाऱ्याच्या अंगावरच पेटेल. जुन्या शस्त्रात धोका शत्रूइतकाच चालवणाऱ्यालाही असतो, हे येथे स्पष्ट दिसते.

ठासणीच्या शस्त्रात दारू किती आणि कशी भरायची, हे वापरणाऱ्याच्या हाती असे. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीसाठी मोजलेली दारू आणि गोळी कागदी काडतुसात मिळत असे. शिपायाने ते दातांनी फोडायचे असे. त्यावरच्या चरबीवरून १८५७ मध्ये काय घडले, ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढे धातूचे काडतूस आले आणि गोळी, दारू व ठिणगी देणारी टोपी कारखान्यातच एकत्र बंद होऊ लागली. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला, तो याच बदलाच्या काळात. आता शिपायापुढे प्रश्न उरला एकच: या रायफलीत कोणते काडतूस?

उत्तर चुकले तर काय होते, हे ब्रिटिश सैन्याने अनुभवले. १८८८ मध्ये स्वीकारलेली ०.३०३ इंच मापाची ली-मेटफर्ड रायफल काळ्या दारूसाठी होती. तिच्या नळीतील आटे उथळ होते. थोड्याच वर्षांत त्याच मापाच्या काडतुसात कॉर्डाइट ही नवी, बिनधुराची दारू आली. काडतूस व्यवस्थित बसत होते, पण कॉर्डाइटच्या उष्णतेने आटे झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये खोल आट्यांची ली-एनफिल्ड आणावी लागली. १९१० मध्ये हलकी, टोकदार व अधिक वेगवान गोळी आली, तेव्हा नेम धरण्याची मापपट्टीही बदलावी लागली. माप तेच, पण काडतूस बदलले की रायफलीचे गणित बदलते.

भारतात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बाहेरून सारख्या दिसणाऱ्या, पण आतून वेगळ्या रायफली तयार झाल्या. पहिली, नेहमीची थ्री-नॉट-थ्री. दुसरी, तिचीच नळी रुंद व गुळगुळीत करून बनवलेली ०.४१० ची एकबारी मस्केट. ती पहारेकरी आणि पोलिसांसाठी होती. तिचे काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्या कवचावरून बनवले होते, बाजारातील ०.४१० च्या छऱ्याच्या काडतुसाशी त्याचे माप जुळत नाही. तिसरी, १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी घडवलेली. या काडतुसाचा दाब थ्री-नॉट-थ्रीपेक्षा जास्त असल्याने तिच्यासाठी अधिक मजबूत पोलाद वापरले गेले. तिचे मॅगझिन चौकोनी असते, ही तिची ओळख. चौथे भावंड एनसीसीत असलेल्यांनी खांद्यावर घेतले असेल: ‘डीपी’ खुणेची कवायतीची रायफल. तिच्यातून गोळी झाडायचीच नसते.

म्हणून जाणकार आधी रायफलीवरचे शिक्के वाचतो, मग काडतुसाच्या बुडावरची अक्षरे. दोन्हींचा मेळ बसला, तरी जुनी नळी शस्त्रकारागिराकडून तपासून घेतो. शिकारीचे ०.३०८ विंचेस्टर काडतूस ७.६२ सारखेच दिसते; पण दोन्हींच्या दाबाची आणि मापाची मानके एक नाहीत. ‘बसते म्हणून चालते’ हा तर्क येथे डोळ्यांवर बेततो. शिवाय जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत गंज धरतात. त्यामुळेच शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतत असत.

हा केवळ संग्रहालयाचा विषय नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्रीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० मध्ये. एवढी दशके कोणाला कोणती रायफल आणि कोणते काडतूस द्यायचे, हे शासन ठरवत आले. चुकीची किंमत मात्र चाप ओढणाऱ्याने मोजली.

आजोबांच्या पेटीत एखादे जुने काडतूस सापडले, तर ते ठोकून किंवा उघडून पाहू नका. पोलिसांना कळवा. आणि संग्रहालयात लाकडी दस्त्याची रायफल दिसली, तर केवळ तिच्या आकारावर जाऊ नका, शिक्के शोधा. तिचा खरा इतिहास तेथे कोरलेला असतो.

विचार करा: पहारेकऱ्याच्या हाती एकबारी, गुळगुळीत नळीची मस्केट देणाऱ्या राज्यकर्त्यांना धोका नेमका कोणाकडून वाटत असेल?