मुद्दलाचे राखणदार

आपल्या मागें आपल्या पैशाचा विनियोग आपल्याच इच्छेप्रमाणें व्हावा, ही वासना माणसाच्या मनांत फार जुनी आहे. विश्वस्तनिधीची संस्था इंग्लंडांत वाढली ती बव्हंशीं याच वासनेच्या पोटीं. संपत्तीचा मालक ती भरंवशाच्या दोघांतिघांच्या स्वाधीन करतो. उत्पन्न आज कोणी खावें आणि मुद्दल उद्यां कोणास मिळावें, हें लिहून ठेवतो. परंतु उद्यांची नड आज लिहितां येत नाहीं. कोणाचें शिक्षण अडेल, कोणाचा धंदा बुडेल, कोण अंथरुणास खिळेल, हें कोणास ठाऊक? म्हणून मुद्दलाचा कांहीं भाग मुदतीपूर्वीं देण्याचें तारतम्य विश्वस्तांवर सोंपविण्याची वहिवाट पडली. त्या तारतम्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न मात्र न्यायालयांस शतकाहून अधिक काळ सोडवीत बसावें लागलें.

पहिला प्रसंग १८४१ सालचा. रिचर्ड राइट या गृहस्थानें ईस्ट इंडिया कंपनीचे २,००० पौंडांचे रोखे डॅनियल व्होटियर या मुलासाठीं विश्वस्तांच्या हातीं ठेवले होते. व्याज साठत जावें आणि मुलगा २५ वर्षांचा झाल्यावर सर्व रक्कम त्याला द्यावी, अशी मृत्युपत्राची आज्ञा होती. मुलगा २१ व्या वर्षीं सज्ञान होतांच पैसे मागावयास आला. न्यायालयानें ते त्याला देवविले. पैसा सर्वस्वीं त्याचा एकट्याचा, दुसऱ्या कोणाचा त्यांत वांटा नाहीं. मग सज्ञान मालकानें आणखी चार वर्षें वाट कां पाहावी? जेथें दुसऱ्या कोणाचा हक्क गुंतलेला नाहीं, तेथें विश्वस्ताचा लगाम सुटतो, हें तत्त्व त्या दिवसापासून रूढ झालें.

दुसरें टोंक १८७७ सालच्या गिझबर्न खटल्यांत दिसलें. मृत्युपत्र करणाऱ्याची पत्नी मनोविकारानें आजारी होती. तिच्यासाठीं मिळकतीच्या उत्पन्नांतून किती खर्चावें, हें ठरविण्याचा अनिर्बंध अधिकार त्यानें विश्वस्तांना दिला होता. लॉर्ड केर्न्स यांनीं हाउस ऑफ लॉर्ड्समध्यें निर्णय दिला कीं, विश्वस्तांच्या हेतूंत खोट नसेल तर न्यायालयानें त्यांच्या निर्णयांत हात घालूं नये. आपल्याला दुसरा निर्णय बरा वाटला असता, एवढ्यावरून न्यायाधीशानें विश्वस्ताच्या आसनावर बसावयाचें नसतें.

पण हेतु शुद्ध असला म्हणजे कर्तव्य पुरें झालें काय? याचा कस पॉलिंग कुटुंबाच्या निधीसंबंधींच्या खटल्यांत लागला. १९१९ सालच्या विवाहप्रसंगींच्या करारानें आईला हयातभर उत्पन्न मिळावयाचें होतें, आणि तिच्या मागें मुद्दल मुलांचें होतें. विश्वस्त होती एक बँक. आईच्या लेखी संमतीनें मुलाच्या भावी वांट्याचा अर्ध्यापर्यंत भाग त्याच्या हितासाठीं आधीं देण्याची तिला मुभा होती. कुटुंबाचा खर्च मिळकतीपुढें धांवत होता. त्याच बँकेंतील आईच्या खात्यावर शिलकेबाहेर उचल झाली होती. मुलें सज्ञान होऊं लागलीं तसतशा त्यांच्या नांवानें रकमा निघूं लागल्या. आयल ऑफ मॅन बेटावर घर घेतलें गेलें, तें आईबापांच्या नांवावर! कांहीं पैसा आईची उचल फेडण्यांत गेला. कागदोपत्रीं लाभ मुलांचा होता. घर चालत होतें मुलांच्या मुद्दलावर.

१९५८ सालीं मुलांनीं दावा लावला. अपील कोर्टानें १९६३ सालीं जें सांगितलें, तें विश्वस्तांच्या कायमचें उपयोगीं पडलें. मुद्दल देण्याचा अधिकार लाभार्थ्याच्या हितासाठीं आहे. ज्यांचा हक्क मागाहून येणार, त्यांचा विचारही त्याच तराजूंत घालावयाचा आहे. एखादें कार्य नेमून रक्कम दिली, तर ती त्या कार्यीं लागते कीं नाहीं, याकडे डोळेझांक करतां येत नाहीं. शिवाय नुकतेंच सज्ञान झालेलें मूल कायद्यानें स्वतंत्र असलें तरी आईबापांच्या शब्दाखालीं असूं शकतें. त्याची सही म्हणजे त्याची मोकळी इच्छा, असें धरून चालूं नये. तथापि, समजूनउमजून दिलेल्या संमतीला न्यायालयानें संमतीच मानलें. म्हणून कांहीं रकमांपुरती बँक सुटली, कांहींची भरपाई तिच्यावर आली.

हिंदुस्थानांत १८८२ च्या ट्रस्ट कायद्यानें या सूत्रांना कलमांचें रूप आधींच दिलें होतें. ५६ व्या कलमान्वयें सर्व लाभार्थी सज्ञान व एकमत असतील, तर ते मिळकत स्वतःकडे मागूं शकतात. अज्ञानाच्या पालनपोषणाला व शिक्षणाला विश्वस्त आपल्या विचारानें उत्पन्न खर्चूं शकतो. मुद्दलास हात लावावयाचा तर ४१ वें कलम दिवाणी न्यायालयाची परवानगी मागतें. आणि ४९ वें कलम म्हणतें कीं, तारतम्य सद्भावानें आणि वाजवी रीतीनें वापरलें नाहीं, तर न्यायालय त्यावर नियंत्रण ठेवूं शकेल. सद्भावाच्या जोडीला वाजवीपणा घालणारा हा शब्द मोलाचा आहे.

इंग्लंडांत १९२५ च्या कायद्यानें अशा आगाऊ देण्यावर वांट्याच्या अर्ध्याची मर्यादा होती. २०१४ च्या कायद्यानें नव्या निधींपुरती ती पूर्ण वांट्यापर्यंत नेली. विश्वस्ताचा हात मोकळा झाला, तसें त्याचें ओझेंही वाढलें. वडिलांपुढें नाहीं म्हणावयास न धजणारा मुलगा सहीसाठीं समोर येतो, तेव्हां त्याच्या वतीनें नाहीं म्हणण्याचें धैर्य विश्वस्तानें दाखवावयाचें असतें. मुद्दल राखण्यासाठीं माणूस नेमला जातो तो त्या घटकेकरितांच.