पाककृतींच्या कपाटात आपलं ताट कुठे आहे?

इतिहास म्हणजे लढाया, सनावळ्या आणि ताम्रपट, असं आपल्याला शाळेत शिकवलं जातं. पण जातीचा इतिहास जितका चुलीजवळ सापडतो, तितका दरबारात सापडत नाही. कोणी कोणाच्या हातचं खायचं, कोणाच्या ताटात तूप पडायचं, कोणी उष्ट्यावर जगायचं, या नियमांवरच जात शतकानुशतकं पोसली गेली. तरीही ग्रंथालयात गेलेला आपला कार्यकर्ता पाककृतींच्या कपाटापाशी थांबत नाही. 'ते बायकांचं' म्हणून पुढे जातो. आमचं म्हणणं असं की, जुनी पाकपुस्तकं हा जातीचा दस्तऐवज आहे आणि तो वाचायला आपण शिकलं पाहिजे.

ही वाचनाची रीत बाबासाहेबांनीच घालून दिली आहे. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गोमांसाचा प्रश्न हाताळला, तेव्हा पुरावे कुठून काढले? वैदिक ग्रंथ, सूत्रं आणि स्मृतींमधूनच. ज्यांचं कपाट, त्यांच्याच कपाटातून कागद काढून त्यांनी दाखवलं की प्राचीन काळी ब्राह्मणही गोमांस खात होते. त्याआधी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावची घटना नोंदवली. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या लोकांना जेवण दिलं. जेवणात तूप होतं. तेवढ्यावरून शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारलं. पैसा त्याचा, तूप त्याचं, पाहुणे त्याचे. तरी ते तूप त्याच्या ताटात चालत नव्हतं. जुन्या पाकपुस्तकात तुपाचं माप वाचताना चकवाडा आठवा, म्हणजे ते पुस्तक वेगळंच बोलू लागेल.

आता मराठीतलं कपाट उघडू. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 चं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांपैकी ते एक. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' 1910 चं. कमलाबाई ओगले यांचं घराघरांत पोहोचलेलं 'रुचिरा' 1970 चं. या शंभरेक वर्षांत मराठी पाककला म्हणून जे छापलं गेलं, ते मुख्यतः लिहिता-वाचता येणाऱ्या, वरच्या जातींच्या घरांतलं. लेखिकांच्या कष्टांविषयी आमची तक्रार नाही. बाईने चुलीजवळचं ज्ञान छापून आणणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तक्रार पुढच्या पायरीविषयी आहे. मोजक्या घरांच्या स्वयंपाकाला 'महाराष्ट्रीय जेवण' हे नाव मिळालं आणि बाकीच्यांचं जेवण निव्वळ 'त्यांच्या जातीचं' म्हणून उरलं. अर्जुन अप्पादुराई यांनी 1988 च्या निबंधात स्वतंत्र भारतातली पाकपुस्तकं शहरी मध्यमवर्गासाठी 'राष्ट्रीय' जेवण कसं घडवतात, याची मांडणी केली. प्रत्येक राज्याच्या जेवणाविषयी हाच प्रश्न विचारता येतो.

त्याच कपाटात आणखी मागे गेलं तर गंमत दिसते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा 12 व्या शतकातला संस्कृत ग्रंथ. राजाच्या खाण्यापिण्यावर त्यात स्वतंत्र भाग आहे. त्यात डुकराचं मांस आहे, कासव आहे आणि शेतातले, नदीकाठचे उंदीर शिजवण्याची कृतीही आहे. आज मुसहर समाजाला उंदरावरून हिणवलं जातं. तोच पदार्थ राजाच्या ताटात भोग ठरला आणि भुकेल्याच्या ताटात नीचपणाची खूण. म्हणजे विटाळ पदार्थात नव्हता, खाणाऱ्याच्या जन्मावर तो चिकटवला गेला. हे सिद्ध करायला आपल्याला बाहेरचा साक्षीदार लागत नाही. त्यांचाच ग्रंथ पुरेसा आहे.

पण कपाटात जे नाहीच, ते कसं शोधायचं? इथे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाकडून शिकण्यासारखं आहे. आपलं त्यांच्याशी नातं जुनं आहे. 1946 साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिलं होतं आणि 1972 साली दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. त्या समाजातल्या स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या गोऱ्यांच्या घरांत स्वयंपाक केला. पुस्तकांवर नाव मात्र बहुतेक वेळा मालकिणीचं लागलं. बराच काळ असं मानलं जाई की, कृष्णवर्णीय स्त्रीचं पहिलं पाकपुस्तक 1881 चं, सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅबी फिशर यांचं. गुलामगिरीत जन्मलेल्या फिशरबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी पाककृती तोंडी सांगितल्या आणि दुसऱ्यांनी त्या उतरवून घेतल्या.

मग जॅन लाँगोन या संग्राहक बाईंच्या हाती एक पातळ पुस्तिका लागली: मालिंडा रसेल यांची, 1866 सालची, मिशिगनमधल्या पॉ पॉ गावात छापलेली. रसेल या टेनेसीतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई. विधवा, पदरी अपंग मुलगा. आधी खानावळ आणि मग पेस्ट्रीचं दुकान चालवून त्यांनी पैसे साठवले. 1864 साली सशस्त्र टोळीने त्यांना लुटलं आणि त्या जीव वाचवून मिशिगनला आल्या. घरी परतण्यासाठी पैसे उभे करायचे म्हणून त्यांनी पुस्तक काढलं आणि त्यात स्वतःची हकिगतही छापली. आपण ही विद्या फॅनी स्टुअर्ड नावाच्या कृष्णवर्णीय आचारीणबाईंकडून शिकलो, हेही नोंदवलं. या पुस्तिकेची एकच ज्ञात प्रत मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात आहे. त्या एका प्रतीने पहिलेपणाचा इतिहास 15 वर्षं मागे नेला. ती रद्दीत गेली असती तर? अलाबामा विद्यापीठात आज कृष्णवर्णीय लेखकांच्या सुमारे 450 पाकपुस्तकांचा संग्रह आहे. टोनी टिप्टन-मार्टिन यांनी अशीच दुर्मीळ पुस्तकं जमवून 2015 साली 'द जेमिमा कोड' लिहिलं आणि त्या स्वयंपाकिणींना नावं परत दिली.

आपल्याकडेही हे काम सुरू झालं आहे. 2009 साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात प्रा. शर्मिला रेगे यांच्यासोबत विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तिका केली. 2015 साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची ही सविस्तर नोंद. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. एकीकडे ताटातला पदार्थ गुन्हा ठरत होता आणि दुसरीकडे त्याच ताटाचा इतिहास पहिल्यांदा पुस्तकात येत होता.

यावर चळवळीतूनच एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्टं मागणं सोडा, असं सांगितलं. मग ते खाणं पुन्हा कागदावर कशाला आणायचं? पोरांना लाज वाटेल असं कशाला सांगायचं? आमचं उत्तर असं: महाडला आपण सोडली ती लादलेली लाचारी. मेलेलं जनावर ओढायचं आणि त्याच्या मांसावर जगायचं, ही गावगाड्याने बांधलेली सक्ती होती. ती मोडणं हा आपला सर्वांत मोठा विजय. पण विजयाची नोंद करायची तर कशावर विजय मिळवला, हेही लिहावं लागतं. नोंद करणं म्हणजे परत जाणं नव्हे. दया पवारांचं 'बलुतं', बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं', ऊर्मिला पवारांचं 'आयदान' यांत भूक आणि अन्न आहेच. ते वाचून आपण लाजलो नाही, ताठ झालो. लाज ज्यांनी लादली, त्यांना वाटू द्या.

म्हणून तरुण साथींना सांगणं एवढंच. आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात जा. ड्यूई पद्धतीने लावलेली पुस्तकं असतील तर पाककलेचा क्रमांक 641.5 आहे. जुनं पुस्तक हातात आलं की पाच प्रश्न विचारा. हे कोणी लिहिलं? प्रस्तावना कोणत्या घरातल्या बाईला उद्देशून आहे? कोणतं धान्य, कोणतं मांस, कोणती रानभाजी यात नाही? दळण, सरपण, पाणी, भांडी हे कष्ट कोणाचे, त्यांचा उल्लेख आहे का? समासात कोणी हाताने काही लिहिलंय का? उत्तरं वहीत उतरवा, फोटोची परवानगी मागा.

आणि दुसरी वही घरी उघडा. आजीला विचारा: दुष्काळात काय खाल्लं, कशात शिजवलं, कोणी शिकवलं, काय आणि कधी सोडलं. तिचं नाव, गाव, साल लिहा. अ‍ॅबी फिशर यांना लिहिता येत नव्हतं, पण लिहून घेणारं कोणीतरी होतं. आपल्या आजीकडे आपण आहोत. त्या वहीची एक प्रत आपल्या विहारातल्या ग्रंथालयात ठेवा.

जय भीम!